‘फोर-ट्वेंटी फ्रेंडली’ म्हणजे नक्की काय? हा आकडा आला कुठून?

गोदाकाठ
माझी भाची महिन्याभरापूर्वी डेन्व्हरला शिकायला गेली. सध्या एका ओळखीच्यांकडे उतरली आहे आणि भाड्याने खोली शोधते आहे. परवा तिने आमच्या घरच्या ग्रुपवर एक जाहिरात टाकली. खोली हवेशीर, बसथांबा जवळ, घरात एक मांजर, आणि शेवटी ‘फोर-ट्वेंटी फ्रेंडली’.
माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे तिच्या आईने, वाचलं आणि लगेच फोन लावला. म्हणाली, चारसोबीस लोकांशी मैत्री असल्याचं उघड लिहितात? तिथे पाऊल टाकायचं नाही. मग भाचीने समजावलं की याचा फसवणुकीशी संबंध नाही, गांजाशी आहे. त्यावर बहिणीचा रक्तदाब आणखी वाढला.
मला मनापासून जाणून घ्यायचं आहे. असं लिहिणारा माणूस स्वतः ओढतो, की दुसऱ्याने ओढलं तर चालतं एवढंच सांगतो? आणि चारशेवीस हाच आकडा का? शिवाय जो स्वतः ओढत नाही पण ज्याची हरकतही नाही, अशा माणसाला मराठीत शब्द आहे का? मला तरी ‘गंजेटी’च्या पलीकडे काही आठवलं नाही.

भाकरतुकडा
डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत नऊ वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. भाड्याच्या जाहिरातीत याचा अर्थ ‘आमच्याकडे गांजा चालतो’ इतकाच. ओढायची सक्ती नसते. पण घरात कुणीतरी ओढणारं आहे असं धरूनच चालायचं. लग्न जुळवण्याच्या किंवा ओळखी करण्याच्या अ‍ॅपवर लिहिलेलं असेल तर मात्र ‘मी ओढतो, तुझी हरकत नसावी’ असा अर्थ.
भाचीला सांगा, मालकाला सरळ विचार: आत ओढतात की बाहेर? वास पडद्यांना, गाद्यांना, अगदी कपाटातल्या स्वेटरलाही धरतो. मी पहिल्या वर्षी अशाच घरात राहिलो. लायब्ररीत शेजारी बसलेल्या मुलीने हळूच जागा बदलली तेव्हा कळलं की माझ्या जॅकेटला वास आहे. मी आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही.

तिसरीघंटा
हा पोलिसांचा कोड आहे. कॅलिफोर्नियात गांजा ओढणारे सापडले की वायरलेसवर ‘फोर ट्वेंटी’ म्हणायचे. कॉलेजपासून ऐकतोय.

ओसरी
मी असं ऐकलं होतं की गांजात चारशेवीस रसायनं असतात, म्हणून.

पोटमाळा
आणि २० एप्रिल ही हिटलरची जन्मतारीख. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून ४/२०. पण त्याचा गांजाशी काय संबंध, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

शब्दवेल्हाळ
वरचे तिन्ही खुलासे चुकीचे आहेत, आणि खरी गोष्ट त्यांच्याहून कितीतरी गोड आहे. जरा सविस्तर लिहितो.
कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत ४२० हे कलम आहे, पण ते सरकारी जमिनीवर जायला कुणाला अडवण्याबद्दल आहे. गांजाचा त्यात उल्लेख नाही. रसायनांची संख्याही मुळात अशी ठरलेली नाही. आणि तारीख नंतर आली, आधी आली ती वेळ.
साल १९७१. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सॅन राफेल नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलची पाच मुलं शाळेजवळच्या एका भिंतीपाशी टवाळक्या करत बसायची. भिंतीला इंग्रजीत वॉल म्हणतात, म्हणून त्यांनी स्वतःला नाव घेतलं ‘वॉल्डोज’. आपल्याकडची कट्ट्यावरची पोरं असतात ना, अगदी तशी. त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत त्यांच्या हाती एक नकाशा लागला. तटरक्षक दलातल्या एका माणसाने पॉइंट रेयेसच्या भागात गांजा लावला होता आणि पकडलं जाऊ या भीतीने तो सोडून दिला होता. शाळा, मग खेळाचा सराव, असं सगळं आटोपून संध्याकाळी चार वाजून वीस मिनिटांनी शाळेच्या आवारातल्या लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी जमायचं आणि गाडीतून शोधायला निघायचं, असा बेत ठरला. दिवसभर वऱ्हांड्यात एकमेकांना भेटले की ‘फोर-ट्वेंटी लुई’ म्हणून आठवण करून द्यायची.
आठवडेच्या आठवडे फिरले, पीक काही सापडलं नाही. पण शब्द सापडला. ‘लुई’ गळून पडलं, ‘फोर-ट्वेंटी’ राहिलं, आणि आईवडील किंवा मास्तर समोर उभे असले तरी बिनधास्त बोलता येईल अशी खूण तयार झाली.
पुढे त्यांच्यातल्या एकाच्या भावाची ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या फिल लेशशी ओळख होती. त्या वर्तुळात शब्द शिरला आणि बँडच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या चाहत्यांनी तो देशभर नेला. डिसेंबर १९९० मध्ये ओकलंडच्या कार्यक्रमाबाहेर एक पत्रक वाटलं गेलं. ते ‘हाय टाइम्स’ या गांजाला वाहिलेल्या मासिकाच्या स्टीव्ह ब्लूमच्या हाती पडलं आणि १९९१ मध्ये त्यांनी ते छापलं. गंमत म्हणजे पोलिसांच्या कोडची भाकडकथा त्या पत्रकातच होती. म्हणजे शब्द आणि त्याची खोटी व्युत्पत्ती दोन्ही एकाच कागदावरून पसरले.

तिसरीघंटा
चूक मान्य. पण पाच मित्रांनी नंतर रचलेली गोष्ट नाही कशावरून? अशा दाव्यांचे पुरावे काय?

शब्दवेल्हाळ
रास्त प्रश्न. त्यांनी त्या काळची पोस्टाचा शिक्का असलेली पत्रं जपून ठेवली आहेत, एक ४२० रंगवलेलं निशाणही आहे. हा ऐवज सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँकेच्या तिजोरीत होता. मला सगळ्यात पटलेला पुरावा १९७४ चा आहे, त्यांच्याच शाळेच्या वर्तमानपत्राचा. निरोपसमारंभात सगळ्यांसमोर काय बोलायला आवडेल, असं मुलांना विचारलं होतं. एकाने उत्तर दिलं, ‘४-२०’, बस. ऑक्सफर्डच्या कोशाने २०१७ मध्ये हा शब्द घेतला. कोशकार लेखी नोंद बघितल्याशिवाय शब्दाला दारात उभं करत नाहीत.

निरगुडी
काय सुंदर लिहिलंत! चार-वीसला पाश्चरच्या पुतळ्यापाशी! आमच्या कॉलेजात ‘पावणेपाच, वडापाव’ एवढीच खूण होती.

भाकरतुकडा
या आकड्याने सरकारलाही दमवलंय. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर ४२० व्या मैलाचा फलक लोक सारखा चोरून न्यायचे. शेवटी २०१४ मध्ये तिथे ४१९.९९ असा फलक लावला. आणि कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये वैद्यकीय गांजाचे नियम ठरवणारं विधेयक केलं, त्याचा क्रमांकही सिनेट बिल ४२०.

जोडाक्षर
आता आपल्या चारशेवीसबद्दल. मी फौजदारी वकिली करते. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या ४२० व्या कलमात फसवणूक करून मालमत्ता द्यायला लावणं हा गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्यातूनच चारसोबीस, चारशेवीशी हे शब्द आले. दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग.
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं हेच कलम ३१८(४) झालं. कोर्टात नवीन गुन्ह्यांना आता ४२० लागत नाही. पण परवाच एक आजी आल्या, म्हणाल्या, “बाई, जावयाने मला चारसोबीस केलं.” कलम गेलं, शब्द राहणार.

पोटमाळा
मराठीला आकड्यांचा सोस भारी. छत्तीसचा आकडा, दोनाचे चार, नऊ दोन अकरा. त्यात आता हा परदेशी पाहुणा.

बांधावरून
माझं वय अडुसष्ट. मराठी शब्दाचं विचारलंय म्हणून लिहितो.
आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे चार म्हातारे बसत. एकाच्या कनवटीला चिलीम, मातीची, बोटभर जाड, तोंडाशी काळी झालेली. आत एक लहानसा खडा, म्हणजे निखारा घशात येऊ नये. आणि ओल्या फडक्याची चिंधी, तिला छापी म्हणायचे. छापी चिलमीच्या बुडाशी गुंडाळायची, दोन्ही हातांची ओंजळ करायची, आणि ओठ न लावता मुठीतून ओढायचं. एकाच चिलमीला सगळ्या जातींचे हात लागायचे, पण तोंड कुणाचंच लागायचं नाही. लहानपणी मला याचं फार नवल वाटे. पहिला झुरका घेण्याआधी ‘बम भोले’ म्हणायचे.
आता गोदाकाठताई, तुमचा प्रश्न. या चौघांना गावात कुणी गंजेटी म्हणत नसे. ‘बाबा दम लावायला बसलेत’ म्हणत. गंजेटी म्हणजे ज्याने घरची भांडी विकली तो. भांग पिणारा तो भंगड. ओढणारा गांजेकस. आणि स्वतः न ओढता शेजारी बसणारा माझा आजा. त्याला म्हणायचे ‘बैठकीतला’. तो फक्त निखारा द्यायचा. मला वाटतं तुमच्या ‘फ्रेंडली’च्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द हाच.

निरगुडी
‘बैठकीतला’! काका, हा शब्द मी आजपासून वापरणार.

कोरडवाहू
मला हे सगळं वाचून बरं वाटलं नाही, स्पष्ट लिहितो. माझा चुलतभाऊ अभियांत्रिकीला होता. हुशार. वसतिगृहात सवय लागली, रोज, दिवसातून चार-पाच वेळा. तिसऱ्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. खोलीचं दार आतून बंद करून तीन दिवस बसला होता. आज तो पस्तिशीचा आहे, गोळ्या चालू आहेत, काका-काकू त्याला एकटं सोडत नाहीत. त्याचे मित्रही ‘फ्रेंडली’च होते. त्यांच्या बोलण्यात ‘माल’, ‘स्टफ’, ‘हिरवळ’ असले शब्द असायचे, गांजा हा शब्द कुणी उच्चारत नसे. शब्द गोड केला की वस्तू हलकी वाटते. म्हणून मला गंजेटी हाच शब्द बरा वाटतो. त्याला धाक आहे.

शब्दवेल्हाळ
कोरडवाहू, तुमच्या घरावर जे आलं त्यापुढे व्युत्पत्ती फार लहान गोष्ट आहे. कमी वयात रोज ओढणाऱ्यांना मानसिक आजाराचा धोका जास्त असतो, हे डॉक्टर सांगतातच. शब्द गोड केला की वस्तू हलकी वाटते, हेही खरं.
पण उलटही घडलं आहे, तेवढं मांडू द्या. अमेरिकेत पूर्वी औषधांच्या दुकानात याला कॅनाबिस म्हणत, शेतात हेम्प म्हणत. १९३० च्या दशकात बंदीवाल्यांनी मुद्दाम ‘मारिहुआना’ हा मेक्सिकन शब्द पुढे केला, कारण स्थलांतरितांबद्दलची भीती त्याला आपोआप चिकटत होती. १९३७ च्या कर कायद्याच्या नावातच तो आला. आज समर्थक पुन्हा ‘कॅनाबिस’ म्हणतात. वॉशिंग्टन राज्याने तर २०२२ मध्ये आपल्या कायद्यांतून मारिहुआना काढून कॅनाबिस घातलं. म्हणजे शब्द कडू करूनही वस्तू बदलते.
आपल्याकडे हे आधीच होतं. तीच वनस्पती वैद्याच्या तोंडी विजया, शिवरात्रीला बूटी, आणि पोलिस पंचनाम्यात गांजा.

बांधावरून
कोरडवाहू, देवळामागच्या चौघांपैकी एकाचा मुलगाही तसाच गेला. मघाशी लिहायचं राहिलं, लिहायला हवं होतं.

राइनकाठ
जर्मनीतून लिहितोय. इथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला परवानगी आहे. त्याआधी दोन-तीन वर्षं समाजमाध्यमांवर एकच प्रश्न फिरत होता: ‘वान बुबात्स लेगाल?’ बुबात्स म्हणजे गांजाची सिगारेट, अगदी पोरकट शब्द. आपण ‘कधी होणार लाडू कायदेशीर?’ म्हणावं तसा. राजकारणी कशावरही बोलले तरी खाली हाच प्रश्न.
त्याहून जुनी घोषणा २००२ ची. हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले हे ग्रीन पक्षाचे नेते मोर्चात म्हणाले, ‘गेप्ट दास हान्फ फ्राय’, म्हणजे भांगेच्या झाडाला मोकळं करा. हान्फ हा शब्द पुल्लिंगी, त्यांनी नपुंसकलिंगी वापरला. चुकीसकट ती घोषणा घरोघरी गेली. जर्मनचे लिंगभेद पाठ करून रडकुंडीला आलेल्या मला त्यांच्याबद्दल कायमची आपुलकी आहे.
पण खरी मजा वेगळीच. गांजा ओढण्याला इथे ‘किफेन’ म्हणतात. ते आलं मोरोक्कोच्या ‘किफ’वरून, आणि ते अरबी ‘कैफ’वरून. आपला कैफ! कैफ चढणे, कैफात असणे. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी ट्राममध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं होतं.

जोडाक्षर
आणि कैफियतही त्याच मुळातली. आम्ही रोज कोर्टात लेखी कैफियत दाखल करतो!

ओसरी
एक शंका. ‘रंजले-गांजले’ मधलं गांजणं गांजावरून आलं का?

शब्दवेल्हाळ
नाही हो. गांजणे म्हणजे छळणे, ते संस्कृत ‘गंजन’वरून, म्हणजे तिरस्कार, मानहानी. गांजा वेगळा.
आणि गांजा हा शब्द तर जगभर फिरून आला. १८४५ पासून भारतातले मजूर करारावर जमैकाला ऊस तोडायला नेले, बहुतेक भोजपुरी मुलुखातले. त्यांच्यासोबत शब्द गेला, चिलीमही गेली. १९१३ मध्ये तिथल्या बंदीच्या कायद्यात ‘गांजा’ हाच शब्द होता. मग १९३० च्या दशकात रास्ताफारी पंथ उभा राहिला आणि त्यांनी गांजा प्रार्थनेत आणला. २०१५ मध्ये जमैकाने दोन औंसांपर्यंत गांजा जवळ असणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं आणि रास्ताफारींचा धार्मिक वापर मान्य केला. थायलंडमध्येही ‘कांचा’ म्हणतात, तोही आपलाच.

रानमेवा
थोडं अवांतर. सासूबाई न्यू जर्सीला आमच्याकडे आल्या तेव्हा मागच्या अंगणात अंबाडी लावली. भाजी आणि भाकरी खायची होती. झाड कमरेएवढं झालं आणि शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी येऊन फार हळू आवाजात म्हणाले, “काळजी करू नका, मी फोर-ट्वेंटी फ्रेंडली आहे.” पानं पाहिलीत ना, हाताच्या पंजासारखी, पाच बोटांची, कडा करवतीसारख्या. मी त्यांना देठावरचे बारीक काटे दाखवले, आठवड्याभराने पिवळं फूल आलं तेही दाखवलं, मधे गर्द लाल. तरी त्यांचा विश्वास बसेना. शेवटी भाजीच करून दिली, वर लसणाची फोडणी. घाम पुसत खाल्ली आणि म्हणाले, आता पटलं.

शब्दवेल्हाळ
त्यांची चूक नाही! अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस. पानं गांजासारखी म्हणून दिलेलं.

जोडाक्षर
गोदाकाठताई, गप्पा रंगल्या आहेत, पण भाचीच्या कामाची गोष्ट राहून जायला नको. कोलोरॅडोत २०१२ च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला, पण अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे. व्हिसा केंद्राच्या हातात असतो. परदेशी विद्यार्थ्याने गांजा वापरल्याचं नुसतं कबूल केलं तरी पुढे प्रवेशाला अडचण येऊ शकते. घरात दुसरे ओढतात म्हणून काही होत नाही, पण तिच्या खोलीत, तिच्या बॅगेत काही नको. आणि येताना गमतीने आणलेल्या गोळ्या-चॉकलेटंसुद्धा नकोत. इथे भारतात अंमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला तरी एक वर्षापर्यंत कैद आहे.

पोटमाळा
मग होळीची भांग कशी चालते?

जोडाक्षर
त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती राज्याच्या अखत्यारीत. महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याखाली येते, परवान्याशिवाय नाही.

बांधावरून
१८९३-९४ साली इंग्रजांनी यावर मोठा आयोग नेमला होता, अकराशेवर साक्षी घेतल्या. निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याला फारशी बाधा नाही, पूर्ण बंदीची गरज नाही. ‘बेताने’ या शब्दावर सगळं अडलेलं आहे. माझा आजा निखारा देऊन उठायचा, ते बेताने.

कोरडवाहू
काका, तुमच्या आजोबांसारखे बसून उठणारे किती असतात हाच माझा प्रश्न आहे. पण मघाचं तुमचं वाक्य वाचलं. आभार. भावाला आज ‘कैफ’ आणि ‘कैफियत’चं सांगितलं. त्याला शब्दांची आवड होती. म्हणाला, अजून सांग.

शब्दवेल्हाळ
त्यांना ‘छापी’ सांगा. आणि चिलीम फारसी आहे, तेही. रोज एक शब्द पाठवत जाईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. हा धागा मी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवला. वॉल्डोजच्या गोष्टीला ती हसली, कोरडवाहूंचा प्रतिसाद वाचताना दोघी गप्प झालो.
भाचीने भाकरतुकडा म्हणाले तसं सरळ विचारलं. मालकीण म्हणाली, मी स्वतः ओढत नाही, वरच्या मजल्यावरचा मुलगा मागच्या गॅलरीत ओढतो, तुला चालणार असेल तर ये. भाचीने नको म्हटलं, वासामुळे आणि जोडाक्षरताईंनी सांगितलं त्यामुळेही. दुसरी खोली मिळाली आहे, थोडी लांब, त्यात मांजर नाही. त्या मालकिणीने तरी तिला चहा पाजला आणि बसचा पास कुठे स्वस्त मिळतो ते सांगितलं. बहिणीचं म्हणणं, बाई बैठकीतली दिसते, पण चांगली आहे.
रानमेवा, नव्या खोलीला मागे थोडी माती आहे. अंबाडीचं बी तिकडे कुठे मिळतं?

रानमेवा
व्यनि केला आहे. मे संपता संपता पेरायला सांगा, थंडीत उगवत नाही. आणि शेजाऱ्यांना आधीच भाजी देऊन ठेवायला सांगा.